भूक, उपाशी, उपासमार: 'हंगर'साठी कुठे कोणता शब्द?

टाकबोरू

नमस्कार. आरोग्य आणि आहार या विषयावरची एक इंग्रजी पुस्तिका आणि तिच्यासोबतची सर्वेक्षणाची प्रश्नावली, या दोन्हींचा मराठी अनुवाद तपासायला आला आहे. मूळ मजकुरात 'हंगर' हा शब्द जागोजाग आहे आणि अनुवादात प्रत्येक ठिकाणी 'भूक' घातले आहे. शब्दकोश उघडला तर यात चूक काढता येत नाही, पण वाचताना ठेच लागते. नमुन्यादाखल ही वाक्ये पाहा:

"मी भुकेला असतो तेव्हा लक्ष देऊ शकत नाही."
"२०३० पर्यंत शून्य भूक हे ध्येय आहे."
"ही गोळी भुकेल्या पोटी घ्यावी."
"गेल्या १२ महिन्यांत तुम्ही भुकेले होता का?"
"भूकेने मरणाऱ्या बालकांची संख्या घटली."
"भुकेला अन्न देणे हे समाजाचे कर्तव्य आहे."

यांत नेमके काय चुकते आणि का, हे जाणकारांनी सांगावे. नुसता पर्यायी शब्द नको. कारण कळले तर बाकीची पाने स्वतः दुरुस्त करता येतील.

ओसरी

आधी वाक्यरचना पाहू, कारण निम्म्या चुका तिथेच आहेत.

मराठीत भूक माणसाला 'लागते'. वाक्याचा कर्ता भूक असते आणि ज्याला ती लागते तो चतुर्थीत जातो: मला, तुला, बाळाला, तुम्हाला. क्रियापद भुकेच्या मागे चालते, म्हणून बोलणारा पुरुष असो की स्त्री, 'लागली' हेच रूप येते. पहिले वाक्य "भूक लागली की माझे लक्ष लागत नाही" असे सरळ होते. 'मी भुकेला आहे' व्याकरणात बसते, पण घरात कुणी तसे म्हणत नाही. बोलताना विशेषणाऐवजी क्रियापदच येते.

काळाकडेही लक्ष द्या. "मला भूक लागली" हे रूप भूतकाळाचे असले तरी अर्थ आत्ताचा आहे. 'भूक लागली आहे' म्हटले की चालू स्थिती जरा ठळक होते, 'भूक लागते' ही सवय, आणि 'भूक लागली होती' ही सरलेली गोष्ट. अनुवादक इंग्रजी वर्तमानकाळ पाहून 'मला भूक लागते' लिहितो आणि आत्ताची तक्रार रोजची होऊन बसते. नकारात मात्र 'लागणे' गळते आणि 'मला भूक नाही' हे सहज येते. 'मला भूक आहे' हे होकारार्थी रूप तितके रुळलेले नाही; प्रश्नात चालते: "भूक आहे का?"

'लागणे' सोडून दुसरे क्रियापद घालू नका. भूक आणि तहान लागते, राग येतो, थंडी वाजते. झोपेला तर दोन्ही क्रियापदे चालतात आणि अर्थ बदलतो: झोप येते म्हणजे डोळे जड होतात, झोप लागते म्हणजे माणूस झोपतो. 'भूक येणे' मात्र नाही.

आता 'भुकेला अन्न देणे'. 'भुकेला' ही दोन वेगवेगळी रूपे आहेत. एक, 'भूक'ची चतुर्थी, म्हणजे भूक या गोष्टीला. दुसरे, विशेषण, म्हणजे भूक लागलेला. 'भुकेला कोंडा, निजेला धोंडा' या म्हणीत पहिले रूप आहे. शेजारचे 'निजेला' पाहिले की खात्री पटते: भुकेसाठी कोंडाही पुरतो, झोपेसाठी उशाला धोंडाही चालतो. तुमच्या वाक्यात अन्न माणसाला द्यायचे आहे, म्हणून विशेषणाचे सामान्यरूप करून वर 'ला' लागले पाहिजे: भुकेल्याला अन्न, भुकेल्यांना अन्न. शंका आली तर 'तहानेला' आणि 'तहानेल्याला' ठेवून बघा.

'भुकेला' आणि 'भुकेलेला' यांतही फरक आहे. भुकेलेला म्हणजे आत्ता पोटात भूक असलेला. भुकेला त्या अर्थाने चालतोच, शिवाय कशाची तरी ओढ लागलेला असाही होतो आणि तेव्हा त्याच्यामागे षष्ठी येते: भावाचा भुकेला, मायेची भुकेली, कौतुकाचे भुकेले. तिथे 'भावाचा भुकेलेला' म्हणता येत नाही.

शब्दमूळ

'भूकेने' ही शुद्धलेखनाची चूक आहे. तद्भव (संस्कृतातून रूप बदलत आलेल्या) शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरातला दीर्घ ई किंवा ऊ सामान्यरूपात ऱ्हस्व होतो: भूक–भुकेने, जीभ–जिभेने, वीट–विटेवर, मूल–मुलाला. तत्सम (संस्कृतातून जशाच्या तशा घेतलेल्या) शब्दांना हा नियम नाही, म्हणून पूजा–पूजेला, परीक्षा–परीक्षेत. अनेकवचनही ऱ्हस्वच: भुका. समासात मात्र 'भूक' मूळ रूपातच राहते, तिला विभक्ती लागलेली नसते. म्हणून भूकबळी, भूकलाडू, भूकमुक्त हे सगळे दीर्घ. भुकेकंगाल ऱ्हस्व, कारण त्यात 'भुके' हे रूप आले आहे. भुक्कड ऱ्हस्व, कारण पुढे जोडाक्षर आहे. एवढे लक्षात ठेवले की सगळ्या पुस्तिकेतली रूपे पाठ न करता तपासता येतात.

'भूख' असे कुठे दिसले तर तेही खोडा, तो हिंदी शब्द आहे. संस्कृत 'बुभुक्षा', प्राकृतात 'भुक्खा', तिथून हिंदीत भूख आणि मराठीत भूक. मराठीने शेवटचा महाप्राण (ख, थ यांतला 'ह'चा झोत) सोडला. भिक्षा–भीक (हिंदीत भीख), हस्त–हात (हाथ), शिकणे (सीखना), सुकणे (सूखना) यांचेही तसेच झाले. सगळीकडे असे होत नाही. राख, काख, साखर यांनी 'ख' जपला आहे. भूक, भीक आणि हात यांत पहिलाच वर्ण महाप्राण किंवा 'ह' आहे, तेव्हा पाठोपाठचा दुसरा महाप्राण जिभेने टाळला असे मानता येते. शिकणे आणि सुकणे यांना ते कारण लागू पडत नाही.

बुभुक्षा हा शब्द फार देखणा आहे. 'भुज्' म्हणजे खाणे किंवा भोगणे, त्याचे इच्छार्थक रूप बुभुक्षा: खाण्याची इच्छा. पिपासा (पिण्याची इच्छा) आणि जिज्ञासा (जाणण्याची इच्छा) त्याच साच्यातले. 'शुश्रूषा'सुद्धा तिथलीच, मुळात ऐकण्याची इच्छा, पुढे सेवा. म्हणजे भुकेच्या मुळाशी 'नसणे' नाही, 'हवे असणे' आहे. तुमच्या पुस्तिकेतली बरीच गफलत इथून समजते. अन्नाचा अभाव सांगायला मराठी दुसऱ्या घराण्यातले शब्द घेते: उपाशी, उपासमार, दुर्भिक्ष. दुर्भिक्ष म्हणजे भिक्षा मिळणे कठीण झाले असा काळ.

जाता जाता एक. 'उपोषण' म्हणजे उप + पोषण अशी फोड कुणी पानाच्या कडेला लिहिली असेल तर काढून टाका. तो शब्द 'उप + वस्' पासून आहे, उपवासाचा सख्खा भाऊ. कुपोषण मात्र खरेच कु + पोषण. दोन्ही शब्द सारखे ऐकू येतात, पण मुळे वेगळी आहेत. आणि 'भूक हडताल' किंवा 'भुकमरी' लिहू नका. मराठीत उपोषण आणि उपासमार हे शब्द चांगले रुळलेले आहेत.

टाकबोरू

हे फार उपयोगी पडले, आभार. 'उपाशी' आणि 'भुकेला' यांतली रेघ अजून नीट दिसत नाही. तसेच पुस्तिकेच्या वैद्यकीय भागात 'हंगर', 'ॲपेटाइट' आणि 'क्रेव्हिंग' अशी तीन पदे वेगळी काढली आहेत. अनुवादात भूक, क्षुधा आणि तृष्णा असे लिहिले आहे. चालेल का?

नाडीपरीक्षा

नाही चालणार. क्षुधा म्हणजे भूकच, फक्त संस्कृत. एकाच अर्थाचे दोन शब्द दोन वेगळ्या संकल्पनांना दिले तर वाचक गोंधळतो. आणि तृष्णा म्हणजे तहान किंवा लालसा, खाण्याशी तिचा संबंध लागत नाही.

उपाशी म्हणजे ज्याच्या पोटात अन्न गेलेले नाही असा. भुकेला म्हणजे ज्याला खावेसे वाटते असा. तापात माणूस दिवसभर उपाशी असतो आणि त्याला भूक नसते. उलट जेवून तासाभरात एखाद्याला भूक लागू शकते. तो उपाशी नाही. उपाशी हा 'उपवासी'वरून आला, तो लिंग-वचनाने बदलत नाही: उपाशी मुलगा, उपाशी मुलगी, उपाशी मुले.

आता वैद्यकीय भाग. भुकेचे संकेत शरीरात एकाहून अधिक आहेत. जठरातून स्रवणारे घ्रेलिन हे संप्रेरक जेवणाआधी वाढते, जेवल्यावर उतरते. चरबीच्या पेशींतून येणारे लेप्टिन शरीरातल्या साठ्याची खबर मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला देते. जठर रिकामे असताना जठर-आतड्यांत साधारण दर ९० ते १२० मिनिटांनी आकुंचनाची लाट जाते, त्या वेळी आवाज येतो. अनुवादात त्याला 'पोट गुरगुरणे' म्हटले असेल तर जपून. मराठी वाचक गुरगुरण्याचा अर्थ अपचन किंवा वायू असा घेतो. 'रिकाम्या पोटात गुरगुर होणे' असे पूर्ण लिहा, आणि 'पोटात कावळे ओरडणे' हा वाक्प्रचार गप्पांसाठी ठेवा.

'ॲपेटाइट' रोजच्या मराठीत भूकच असते: भूक मंदावली, भूक वाढली, भूक मेली. जिथे 'हंगर' आणि 'ॲपेटाइट' शेजारी येतात आणि फरक दाखवायचाच आहे, तिथे पहिल्याला 'भूक' आणि दुसऱ्याला 'खाण्याची इच्छा' असे साधे लिहावे. जुन्या बोलीत याला नेमका शब्द होता, 'अन्नावरची वासना'. "अन्नावरची वासना उडाली" हे आजही कानी पडते. पण छापील पुस्तिकेत 'वासना' शब्द आज वेगळ्याच अर्थाने वाचला जातो, म्हणून टाळा. अरुची हा शब्द चवीकडे झुकतो, अग्निमांद्य पचनाकडे. 'क्रेव्हिंग'साठी 'एखादाच पदार्थ खावासा वाटणे' हे पुरते. 'तलफ' चहा-तंबाखूसाठी राखलेला शब्द आहे, 'डोहाळे' गरोदरपणासाठी.

भुकेच्या क्रियापदांत बारीक फरक आहेत, आणि ते रुग्णाला बरोबर कळतात. जेवणाआधी काहीतरी तोंडात टाकले तर भूक मोडते. वेळ टळून गेली तर भूक मरते. माणूस मुद्दाम दाबतो तेव्हा तो भूक मारतो. एक-दोन घास खाऊन आणखी खावेसे वाटले तर भूक चाळवली. खाल्ल्यावर गरज संपली तर भूक भागली. 'भूक भागणे' आणि 'पोट भरणे' एक नाही. वजन कमी करण्याच्या सल्ल्यात "भूक भागली की थांबा" म्हणायचे असते आणि अनुवादक "पोट भरले की थांबा" लिहितो. त्यातून सल्लाच उलटतो.

मधुमेहाच्या लक्षणांत 'सारखी भूक लागणे' लिहा. 'खा खा सुटणे' समजते, पण त्यात टीकेचा सूर आहे. 'वखवख' आणि 'अधाशीपणा' तर थेट स्वभावावर बोट ठेवतात. रुग्णाच्या पत्रकात असे शब्द नकोत, नाहीतर तो लक्षण लपवतो. साखर उतरल्याचे लक्षण (रक्तशर्करा ७० मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या खाली) सांगताना 'एकाएकी कडकडून भूक लागणे, घाम, थरथर' असे एकत्र लिहा, कारण एकट्या भुकेने कुणाला शंका येणार नाही.

गोळीचे वाक्य सगळ्यात धोक्याचे आहे. 'भुकेल्या पोटी' म्हणजे भूक लागेपर्यंत थांबून, असा अर्थ निघतो. नुसते 'उपाशीपोटी' लिहिले तरी काही जण जेवणच टाळतात. मुळात औषधांबाबत रिकामे पोट म्हणजे बहुधा जेवणाआधी १ तास किंवा जेवणानंतर २ तास. तुमच्या गोळीची वेळ मूळ मजकुरात पाहून तास आणि मिनिटांतच लिहा. सकाळी काहीही पोटात जाण्याआधी घ्यायची असेल तर 'अनशापोटी' हा नेमका शब्द आहे, पण सगळ्यांना तो माहीत असेलच असे नाही. "सकाळी उठल्यावर, चहा-नाश्त्याआधी" हे जोडून द्या. रक्तातली साखर तपासण्याच्या सूचनेत 'उपाशीपोटी' चालतो, फक्त पुढे "किमान ८ तास काही खाऊ नका, साधे पाणी चालेल" हे हवेच. पाण्याचे सांगितले नाही तर लोक पाणीही सोडतात.

गणनपट्टी

प्रश्नावलीबद्दल. "गेल्या १२ महिन्यांत तुम्ही भुकेले होता का?" याचे खरे उत्तर प्रत्येकाचे 'हो' असणार, कारण भूक रोज लागते. हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आठ प्रश्नांच्या मालिकेतला असावा. तिच्यातला मूळ प्रश्न भूक लागली होती का असा नाही. पैसे किंवा इतर साधने पुरेशी नसल्यामुळे भूक असूनही खाल्ले नाही, असे कधी झाले का, असा आहे. कारण त्याच वाक्यात असलेच पाहिजे. ते पुढच्या टिपेत ढकलले तर वजन कमी करणारा आणि उपवास करणारा दोघेही 'हो' म्हणतात आणि आकडा फुगतो.

मी हे वाक्य असे करेन: "गेल्या १२ महिन्यांत, पैसे किंवा इतर साधने पुरेशी नसल्यामुळे, भूक लागली असूनही तुम्हाला खायला मिळाले नाही असे कधी झाले का?" 'खाल्ले नाही' लिहिले की मराठीत मर्जीचा भास होतो. 'खायला मिळाले नाही' म्हटले की अडचण स्वच्छ दिसते. शेवटच्या प्रश्नात पूर्ण दिवस काहीच न खाल्ल्याचे विचारले आहे, तिथे 'दिवसभर उपाशी राहावे लागले का' असे हवे. 'उपाशी राहिलात का' नको. मराठीत ही सोय जुनी आहे: उपास 'करतो' तो मर्जीने, उपास 'पडतो' किंवा 'घडतो' तो नाइलाजाने. सहायक क्रियापद बदलले की आकडेवारी बदलते, इतके ते महत्त्वाचे आहे.

प्रश्न छापण्याआधी चार-सहा जणांना मोठ्याने वाचून दाखवा आणि "तुम्हाला काय विचारले असे वाटले?" हे त्यांच्याच शब्दांत सांगायला लावा. चुकीचा शब्द पाचेक मिनिटांत उघडा पडतो.

'शून्य भूक'चेही तेच. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या शाश्वत विकासाच्या १७ उद्दिष्टांपैकी हे दुसरे, मुदत २०३०. मराठी कानाला 'भूक शून्य झाली' म्हणजे अन्न जाईनासे झाले, हे तर आजाराचे लक्षण! उद्दिष्ट उपासमार संपवण्याचे आहे. 'उपासमारीचे निर्मूलन' किंवा 'भूकमुक्ती' लिहा.

ओसरी

गणनपट्टी यांच्याशी बाकी सहमत, 'भूकमुक्ती'शी नाही. कर्जमुक्ती, व्यसनमुक्ती, रोगमुक्ती या रांगेत भूक बसवली की ती वाईट गोष्ट ठरते. मराठीत चांगली भूक लागणे ही तब्येत बरी असल्याची खूण आहे. आजारातून उठलेल्याला आधी हेच विचारतात. जे संपवायचे ते भुकेल्याला अन्न न मिळणे. त्याला उपासमार हाच शब्द.

गणनपट्टी

मुद्दा मान्य. मथळ्याला आखूड शब्द लागतो म्हणून 'भूकमुक्ती' सुचवला होता. मजकुरात उपासमारच असावी.

'जागतिक भूक निर्देशांक' मात्र विशेषनाम म्हणून तसाच ठेवा, वर्तमानपत्रांनी तो रुळवला आहे. पण पहिल्या उल्लेखापाशी एक ओळ स्पष्टीकरण द्या. त्याचे चार घटक आहेत: अपुरे उष्मांक मिळणाऱ्या लोकसंख्येचे प्रमाण, पाच वर्षांखालच्या मुलांचा खुरटलेपणा (वयाच्या मानाने उंची कमी), त्यांची कृशता (उंचीच्या मानाने वजन कमी) आणि पाच वर्षांखालच्या मुलांचा मृत्युदर. चारपैकी एकही घटक कुणाला भूक लागली का हे मोजत नाही. वाचकाला हे सांगितले नाही तर तो आकडा जेवणाच्या ताटांचा समजून बसतो. पोट भरलेले मूलही कुपोषित असू शकते, ही गोष्ट 'भूक' शब्दाआड झाकली जाते.

त्याच ओघात 'भुकेने मरणाऱ्या बालकांची संख्या'. मूळ इंग्रजी वाक्य पुन्हा पाहा. तिथे अन्न न मिळून झालेले मृत्यू म्हटले असेल तर 'भूकबळी' (पुल्लिंगी, भूकबळी गेला किंवा ठरला). कुपोषणामुळे आजार बळावून झालेले मृत्यू म्हटले असेल तर 'कुपोषणाशी संबंधित बालमृत्यू'. हे दोन वेगळे दावे आहेत, एकाच्या जागी दुसरा छापणे म्हणजे चुकीची माहिती देणे.

टाकबोरू

मूळ पाहिले, तिथे कुपोषणच आहे. बदलले. शेवटची शंका: प्रस्तावनेत 'हंगर फॉर नॉलेज' आणि 'हंगर फॉर पॉवर' अशी दोन पदे आहेत. दोन्हींना भूक चालेल?

शब्दमूळ

'ज्ञानाची भूक' चालेल, 'ज्ञानाची तहान'ही चालेल. ज्ञानपिपासा हा तर जुना शब्द. पण ज्या इच्छेत दुसऱ्याचे हिरावून घेणे आहे तिथे मराठी सहसा भूक न म्हणता हाव, हव्यास किंवा लालसा म्हणते: पैशाची हाव, सत्तेची लालसा. भूक भागते, हाव भागत नाही. लेखकाला टीका करायची असेल तर 'सत्तेची लालसा', नुसती ओढ सांगायची असेल तर 'सत्तेची भूक'. प्रस्तावनेचा सूर पाहून ठरवा.

आणि एखाद्या कामात रमून गेल्याचा अर्थ असेल तर 'तहानभूक हरपली' आहेच. क्रम तहान आधी, भूक नंतर, आणि क्रियापद एकवचनी स्त्रीलिंगी. 'भूकतहान हरपल्या' असे अनुवादात आले असेल तर तेही बदला.